एक जूनची भावंडं

दरवर्षी एक जूनला सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या ऑफिसात माझ्यासाठी केक येतो आणि मी लाजल्यासारखं करून तो कापतो. माझा खरा जन्म कधीचा, ते मलाही ठाऊक नाही. थंडीतला, एवढं आई सांगायची. गावच्या हेडमास्तरांनी शाळेत घालताना पोराकडे एकदा नजर टाकली, वर्ष अंदाजानं ठरवलं आणि तारीख एक जून ठोकून दिली. त्यामुळे आम्हा भावंडांचे वाढदिवस एकाच दिवशी येतात. नऊ जणांपैकी आठांचे. सगळ्यांत थोरली आक्का अडाणी, तिला तारीखच नाही.

वडील गुऱ्हाळावर चुलवाणात उसाची चिपाडं सारायचे, आई मोळ्या वाहायची. इथल्या मराठी मंडळींत मी "वडील शुगर इंडस्ट्रीत होते" असं सांगतो. तीही माझ्यासारखी बँकेतली माणसं, पुढचं विचारत नाहीत. त्यांच्याही वडिलांची अशीच कुठलीतरी इंडस्ट्री असावी.

यंदा माझ्या मोठ्या भावानं, म्हणजे दादानं, घराण्याचा इतिहास लिहिला. तालुक्याच्या कचेरीत जन्मभर लोकांचे अर्ज अडवून तो निवृत्त झाला, आता हाताला काहीतरी काम हवंच होतं. चाळीस पानांची पीडीएफ त्यानं ग्रुपवर टाकली. पहिली बारा पानं आमचा मूळपुरुष घोड्यावर आहे. तो घोड्यावरून उतरून चुलवाणासमोर कधी येऊन बसला, ते पान मात्र कुठंच सापडलं नाही. वडिलांना दादानं "गूळ व्यवसायातील जाणकार" करून टाकलं होतं. मी खो खो हसलो, मग माझी शुगर इंडस्ट्री आठवली आणि मुकाट्यानं पुढचं पान उघडलं.

आक्काच्या वाट्याला दीड ओळ आली होती. "ज्येष्ठ कन्या. अशिक्षित. जन्मतारीख उपलब्ध नाही."

ही न मिळणारी तारीख माझ्या फार सोयीची होती. आक्काला एकदा सिंगापूर बघायचं आहे. गेली कित्येक वर्षं ती फोनवर विचारते आणि मी तेच उत्तर देतो, "अगं आक्का, पासपोर्टला पूर्ण जन्मतारीख लागते. तुझ्या आधारवर नुसतं वर्ष आहे. काय करणार?" ती बिचारी म्हणते, "व्हय बाबा, सरकारचं काम."

खरी गोष्ट अशी, की आक्का दिवसातून तीनदा मिश्री लावते आणि समोर कोण बसलंय याचा विचार न करता चुलवाणाच्या गोष्टी सांगते. सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटवर शनिवारी चार मंडळी जेवायला येतात. त्यांच्यासमोर माझी इंडस्ट्री दोन मिनिटांत जळून गेली असती. लिहितानाही लाज वाटते, पण कारण एवढंच होतं.

मग मुलीला शाळेतून फॅमिली ट्री करायला सांगितलं. इथल्या तिच्या वर्गातल्या मुलांना एखादा काका असतो, फार तर दोन. आमच्या भावंडांना तिचा चार्ट पुरेना, म्हणून खाली दुसरा कागद चिकटवला. तारखा लिहिताना ती थांबली.

"बाबा, सगळ्यांचा बर्थडे सेम? कॅनॉट, लाह!" शक्यच नाही, हे इथली पोरं असं म्हणतात.

मी हेडमास्तरांची गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली आणि आक्काचा चौकोन रिकामा दिसताच तिनं सरळ व्हिडिओ कॉल लावला. मी शेजारीच बसलो होतो.

"आत्या, तुझा बर्थडे कधी?"

"माजा? एक जूनच की," आक्का म्हणाली. "समद्यास्नी त्योच दिलाय मास्तरानं."

"पण तू तर स्कूलला गेली नाहीस ना?"

"कोन म्हन्तं? चौथीपतुर गेल्ये की. तुज्या दादाकाकाचं दप्तर मीच न्यायची."

दादा त्याच शाळेत तिच्या दोन इयत्ता मागं होता. चाळीस पानं लिहिताना त्याला घोडा आठवला, दप्तर नेणारी बहीण आठवली नाही. त्याला नावं ठेवायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलीनं विचारलं, "मग सोडलीस का?"

"तुजा बा झाला न्हवं," आक्का सहज म्हणाली. "आई धाव्या दिशी गुऱ्हाळावर गेली. ह्यो सदा आजारी. कडंवर कोन घेनार? मग मीच ऱ्हायले घरी."

मी फोनच्या चौकटीतून जरा बाजूला सरकलो. तिची शाळा माझ्यापायी सुटली, आणि तिच्या आधारवर तारीख नाही हे मी वर्षानुवर्षं तिलाच ऐकवत होतो. तू कधी शाळेत गेली होतीस का, एवढा साधा प्रश्न मी तिला एकदाही विचारला नव्हता.

मुलीनं चौकोनात एक जून लिहिलं आणि माझ्याकडे वळली. "सो आत्याला डेट आहे. नाऊ शी कॅन कम, राइट?"

आता दुसरी कुठलीच सबब उरली नव्हती. "शाळेचा दाखला चालतो," मी म्हणालो.

"आगं बया! मग आदी न्हाई का सांगायचं?" आक्का हरखलीच. "मला काय ठावं, दाखला चालतो म्हून. उद्या सोमवार, शाळा उगडी आसंल. सकाळच्यालाच जाते."

मुलीनं फोन माझ्याकडे वळवला, मी मान डोलावली. तिनं पदर सारखा केला, फोन तोंडाजवळ आणला आणि आवाज बारीक केला.

"बाळा, तितं तुज्या लोकांत मिश्री लावल्याली चालंल का रं? न्हाईतर आजपासनंच सोडते."