डाव्या चाकाची धग

कुरवंड्याच्या आमच्या घरी अंघोळीचं पाणी अजून परसातल्या चुलीवर तापतं. चुलीतली राख काढायचं काम माझं. आत निखारा राहिलाय का ते कळावं म्हणून आधी राखेवर हाताची पाठ धरायची, टेकवायची नाही. हे मला बायकोनं शिकवलं. तिला गाडी चालवायला मात्र माझ्या धाकट्या भावानं शिकवलं. ते मला कधी पचलं नाही.

त्याचं सोमाटण्याला गॅरेज आहे. त्या रविवारी तो आला तो तिच्या फोनवरून. आमची जुनी गाडी ब्रेक सोडल्यावरही डावीकडं ओढत होती. मी परसात प्लॅस्टिकच्या घमेल्यात राख भरत होतो, कान अंगणाकडं. लोणावळ्यापर्यंत फेरी मारून दोघं परतले, ते हसतच.

"वयनी, गाडी ओढती का तुमीच माहेराकडं वळवताय?"

"माहेर उजवीकडं ऱ्हायलं, भावजी!"

माझ्याशी ती असं बोलत नाही. मी तरी कुठं बोलतो म्हणा.

घमेलं तसंच टाकून मी पुढं गेलो. तो तिला सांगत होता, "राखेवर धरता तसा हात धरा चाकापाशी." ती एकेका चाकाशी वाकली. पुढच्या डाव्यापाशी हात झटकन मागं घेतला. "हेच!" चेहरा असा फुललेला. राखेची ती खूण आम्हा दोघांची होती. तीही त्याची झाली.

"ब्रेक जाम हाय. लय दिवसांचं दुखणं दिसतंय." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "दादा कमीच चालवतो गाडी. त्याला कसं कळंल?"

मला सांभाळून घेत होता. तेच सहन झालं नाही.

"कळलं होतं," मी म्हणालो.

बायकोचं हसू गेलं. "आन् तरी रोज उतारानं जाऊ दिलंत मला?"

"सांगितलं असतं तर तू ह्याला बोलावलं असतंस."

भाऊ उगाच पाना शोधायला लागला. तेवढ्यात परसातून प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. आज राखेवर हात धरायचा राहिलाच होता. धावत जाऊन घमेल्यावर पाणी ओतलं. तळाला भोक पडलेलं.

परत आलो, तर गाडीची चावी तिनं कमरेला खोचली होती.

"ब्रेकचं सामान घेऊन याल तवा मला फोन करा, भावजी," ती म्हणत होती. "ह्यांना नको."