हुंदक्याची जागा

वक्तृत्व स्पर्धेत ढाल हवी असेल तर पोराला श्यामलाबाईंकडे घालायचं, हे कोथरूडमधल्या आयांना पंचवीस वर्षं पाठ होतं. बाई भाषण लिहून देत आणि कागदावर लाल पेनाने खुणा करत. इथे थांबायचं. इथे आवाज खाली. इथे आवंढा गिळायचा, पण रडायचं नाही. रडायचं ते परीक्षकांनी. करुण रस हा बाईंचा हातखंडा. सैनिकाची विधवा असो की वृद्धाश्रमातली आजी, सात मिनिटांत सभागृहात रुमाल निघालेच म्हणून समजा. त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही, बाईंना तर नाहीच.

यंदा त्यांच्या यजमानांचा, शरच्चंद्ररावांचा, कर्करोग यकृतात पसरला. फार तर पंधरा दिवस, मुलाला बोलावून घ्या, असं डॉक्टर म्हणाले.

मुलगा आमोद बंगळुरूला. फोन करण्याआधी बाईंनी मुद्दे लिहून काढले. खरंखुरं दुःख घरात येऊन बसलं होतं, तरी ही बाई कागद घेऊन बसली. नुसतं बोलायचं कसं, हे त्यांना येतच नव्हतं.

"आमोद," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "बाबांनी जेवण सोडलंय. काही मागत नाहीत. फक्त..." आवाज खाली गेला. "फक्त तुझं नाव घेतात."

आमोद म्हणाला, "आई, लिहून काढलंस ना हे?"

"अरे, काहीतरीच काय!"

"'फक्त'नंतर मनात तीन आकडे मोजायचे. तूच शिकवलंस. मागच्या वर्षी बाबांना साधी चक्कर आली, तेव्हाही असंच बोललीस. मी मिळेल त्या विमानाने आलो, तर बाबा गॅलरीत भेळ खात होते."

"या वेळी खरं आहे रे."

"चौथीत तू मला 'माझे बाबा आता नाहीत' हे भाषण बसवून दिलंस. बाबा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. तेव्हा म्हणाली होतीस, खरं वाटलं पाहिजे." तो चिडला नव्हता, नुसता थकला होता. "दिवाळीत येतो."

दिवाळीला अडीच महिने होते. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी रिपोर्टचे फोटो पाठवले, डॉक्टरांचा नंबर पाठवला. संध्याकाळपर्यंत त्याने ते उघडूनही बघितले नाहीत.

"काय म्हणाला?" शरच्चंद्ररावांनी अंथरुणातून विचारलं.

"परवा येतो म्हणाला."

"मग तेवढी दाढी करून दे. असा बघून घाबरेल."

दोन दिवसांनी सकाळी बाईंनी दाढी करून दिली. गाल इतके आत गेले होते की ब्लेड फिरवताना बाईंना कातडी बोटांनी ताणून धरावी लागली. झाल्यावर शरच्चंद्ररावांनी इस्त्रीचा सदरा मागून घेतला.

"किती वाजता पोचेल गं?"

"संध्याकाळी," बाई म्हणाल्या, आणि गुंड्या लावू लागल्या.