फुईच्या बापाचं पदक

यंदा आखाजीची, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेची, साफसफाई करताना आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत, अगदी तळाशी, पुठ्ठ्याचं एक खोकं सापडलं. आत पदक. एका बाजूला इंग्रजांचा राजा, दुसरीकडे सिंह. मला लगेच उमगलं, हे आजोबांच्या धाकट्या भावाचं. तो धानोऱ्याहून पळून मुंबईला गेला, मालवाहू आगबोटीवर कोळसा लोटायला लागला आणि महायुद्धात निघाला तो परतलाच नाही. मेला, की कुठे दुसरा संसार थाटून बसला, कुणाला कळलं नाही, असंच आम्ही ऐकत आलो.

मी काय करावं? फोटो काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. 'आपल्या घराण्याचा दर्यावीर!' काय ते कौतुक झालं, विचारू नका. जणू भट्टीपुढे मीच उभा होतो.

आखाजीला फुई आली. फुई म्हणजे त्या खलाशाची मुलगी, माझी चुलत आत्या. ऐंशी ओलांडली तरी आखाजीला माहेरी येते म्हणजे येतेच. त्या दिवशी आम्ही गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतो. पितर येऊन पाणी पितात म्हणतात. तिच्या बापाची घागर कधी भरली नाही. जिवंत असेल त्याची कोण भरणार? तिची आई तर मरेपर्यंत कुंकू लावून वाट बघत होती. हिरव्या बांगड्यांनिशीच गेली बिचारी.

मी मोठ्या तोऱ्यात खोकं फुईच्या हातात दिलं. पदक तिने बाजूला ठेवलं आणि खोकंच उलटसुलट करून पाहिलं.

"खोकावर कोन्हं नाव शे?"

मी वाचलं. तिच्या आईचं नाव होतं. तोवर मी ते धड वाचलंसुद्धा नव्हतं, अकलेचा कांदा! फोटोची घाई झाली होती ना.

"जित्ता मानूस बिल्ला सोता लेई," फुई हळूच म्हणाली. "बायकोना नाववर कसाले धाडतीन?"

तो तिकडेच गेला होता तर. म्हणजे हे टपालाने आलं, आजोबांनी घेतलं, आणि भावजयीला एका शब्दाने न सांगता पेटीत दडपलं. तरी माझी जीभ गप्प बसेल तर शपथ. आजोबांना तिचं कुंकू पुसायचं जिवावर आलं असेल, असं मी बोलून गेलो.

"मंग तिले मुंबईनी गाडीमा कोनी बसाडं? बंदरवर जाईसन नवराले धुंडाले? तुन्हा आजानीच ना!"

भाऊ गेल्याचं ठाऊक असून भावजयीला शोधायला धाडलं! मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबांची लाज वाटली आणि त्यांची बाजू घ्यायला निघालेल्या माझी त्याहून जास्त. खिशात मोबाईल वाजतच होता. कौतुक अजून संपलं नव्हतं. मी तो बंद करून टाकला.

मग घाईघाईने आतून कोरी घागर आणली, म्हटलं, आता तरी भरू. फुईने ती माझ्या हातातून घेतली, कडेवर ठेवली आणि चपला शोधायला लागली.

"जेयीसन तरी जाय, फुई," मी अक्षरशः हात जोडले. "घागर आठेच भरूत. त्यानंच घर शे."

"मी मन्हा घर भरसू," ती म्हणाली. "इतला वरीस तुम्ही त्याले पानी दिधं नही. आते तुम्हना हातनं नको."