पिकअपचा दम कोंडला त्या दिवशी

आमची पिकअप पेट्रोलवर चालते म्हटल्यावर पंपावरचं पोरगंही दोनदा विचारून घेतं. कुठल्याशा सरकारी खात्यानं लिलावात काढलेली गाडी. इतकी जुनी, की आमच्याकडचे डोंगर तिच्यानंतर उगवले आणि तिला वळसा घालून उभे राहिले. बॉनेट उघडलं की समोर कार्बुरेटर, आणि त्याच्या बुडाशी हवा-पेट्रोलचं प्रमाण कमीजास्त करायचा पितळी स्क्रू. हा स्क्रू सगळ्या गावाचा. येणारा-जाणारा थांबतो, खुशाली विचारतो आणि अर्धा आटा पिळून जातो. पिळल्याशिवाय गेला तर घरी भांडण झालं असावं असं आम्ही समजतो.

त्या दिवशी मात्र थट्टेला जागा नव्हती. गाडीत हळद शिजवायचा कुकर लादलेला होता, म्हणजे पाण्याची टाकी, वाफेच्या नळ्या आणि हळद भरायची लोखंडी पिंपं. जायचं होतं कुरुंद्याला, माझ्या थोरल्या बहिणीच्या शेतात. अक्काची हळद काढून ढिगात पडली होती. ओली हळद ढिगात तापते, घामेजते, मग खालून सडत जाते. आमचाच कुकर, पण दुसऱ्यांच्या शेतात अडकला आणि बहिणीचा नंबर शेवटी लागला. दाजी कामाला बाहेरगावी. शिजवणारे मजूर सकाळपासून तिच्या बांधावर बसून होते आणि दिवस कलला की पुढच्या गावाला जाणार होते. त्याच्या आत पोचलो तर वर्षाची हळद, नाही तर उकिरडा.

शेजारच्या सीटवर आबा, माझे वडील. लेकीला भेटायचं म्हणून पहाटेच तयार होऊन बसलेले. आबा हल्ली माणसं विसरतात. मला कधी भाऊ म्हणतात, कधी तलाठी. पण उघडी नळी दिसली की त्यांना सगळं आठवतं. आमच्याकडं कुंभारमाशी नळीत मातीचं घर करते, म्हणून मोटारीचा पाइप असो की ठिबकची नळी, काम झालं की तिच्या तोंडात चिंधी गुंडाळलेलं मक्याचं बुरकुंड, म्हणजे दाणे काढलेलं कणीस, ठोकायचं. सगळेच शेतकरी ठोकतात. आबा जरा जास्त ठोकतात.

कळमनुरी मागं पडली आणि चढाला गाडीनं मान टाकली. आधी खोकली, मग असा धूर सोडला की रस्त्याकडेचं लिंबाचं झाड मला दिसेना आणि मी त्या झाडाला दिसेना. बॉनेट उघडतोय तोच ऑइल मोजायची पट्टी आपल्या जागेवरून सटकन् वर उडाली. किती वर, ते सांगत नाही. एक घार अजून माझ्यावर डूख धरून आहे, एवढंच सांगतो.

अक्काचा फोन आला.

"कुठवर आलास?"

"हे काय, फाट्यावर आलो."

"कोणच्या फाट्यावर?"

"तुझ्याच. चहा ठेव."

फाटा तिथून इतका लांब होता की तिथलं ऊन वेगळं असावं.

एक मोटारसायकलवाला थांबला. वास घेऊन म्हणाला, "पेट्रोल जास्त खाऊन राहिली. मिक्चर कमी करा." आणि स्क्रू आत पिळला. तो जातो तोवर शेळ्या घेऊन एक म्हातारबाबा आले.

"तिला उपाशी काहून मारता? सोडा थोडं," म्हणून त्यांनी बाहेर पिळला.

मी दोघांचंही ऐकलं. मग माझ्या मतानं पिळला. गाडी सुरू व्हायची, चार हात जायची, ऑइल ओकायची आणि बसायची. मी कार्बुरेटरचा जेट काढून फुंकला, फिल्टर झटकला, हात जोडले. कारखान्यात जन्मल्यासारखा मी गावभर बोलतो, पण त्या चढावर मला एवढंच कळत होतं की सूर्य माझ्यासाठी थांबणार नाही.

पुन्हा फोन. "मजूर उठून राहिले रे."

"त्यांना म्हणावं, धूळ दिसायला लागली माझी."

"मला कशाची बी धूळ दिसून न्हाई राहिली," म्हणून तिनं फोन ठेवला.

शेवटी ऑइल टाकायचं म्हणून चालू इंजिनाचं झाकण काढलं, तर आतून मोठ्ठा सुस्कारा आला आणि इंजिन सुतासारखं चालायला लागलं. झाकण लावलं की घुसमट, काढलं की मोकळं. तेव्हा उजेड पडला. इंजिनाच्या पोटात जळका वायू साचतो, तो बाहेर जायला एक रबरी नळी असते. गाडीचं नाकच ते. ती कोंडली की आतला दाब ऑइलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. कार्बुरेटरचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मी नळी चाचपत खाली गेलो. तिच्या तोंडात बुरकुंड होतं, लाल चिंधीत गुंडाळलेलं, चांगलं ठोकून बसवलेलं. लाल पटका आमच्या घरात एकच माणूस बांधतो.

मी आबांकडं पाहिलं. ते खिडकीतून म्हणाले, "माशी नाही ना शिरली?"

"न्हाई आबा. बराबर हाय."

दुसरं काय म्हणणार होतो? बुरकुंड डॅशबोर्डवर ठेवलं आणि सगळ्यांनी पिळून पिळून बिघडवलेला स्क्रू कानानं ऐकत जागेवर आणायला बसलो. त्यातच उन्हं उतरली.

पोचलो तेव्हा मजूर गेले होते. अक्का ढिगापाशी उकिडवी बसली होती. मी ढिगात हात घातला तर कोपरापर्यंत ऊब लागली, आणि तळाशी बोटांना चिकट.

"काय झालतं?" तिनं विचारलं. आबा तिथंच उभे होते.

मग मी सुरू झालो. वानरं आली, म्हटलं, शंभरेक असतील. त्यांच्या म्होरक्यानं बॉनेट उघडलं, इंजिन तपासलं आणि जाताना नळीत बुरकुंड कोंबलं. मी हातवारे करत होतो. अक्का ऐकत ऐकत गाडीपाशी गेली, डॅशबोर्डवरून बुरकुंड उचललं आणि चिंधी बोटानं सोडून पाहिली.

"वानरं बी लाल पटका बांधायला लागली व्हय," ती हळूच म्हणाली. आबांना ऐकू जाणार नाही एवढ्याच आवाजात.

आम्ही दोघांनीच कुकर पेटवला. वरवरची हळद पिंपात गेली. तळातली आम्ही बाजूला ओढत राहिलो आणि तो ढीग वाढत गेला. वाफ धरली तशी टाकीच्या नळीतून शीळ निघाली. आबा कधी उठले कळलं नाही. बघतो तर ते वाफेच्या नळीकडं निघालेले, हातात नवं बुरकुंड.

अक्कानं धावत जाऊन त्यांचा हात धरला. ओरडली नाही.

"आबा, हिला राहू द्या उघडी. हिला बी दम घ्यायचा असतो."

"माशी शिरंल," आबा म्हणाले.

"मी बसते राखण," ती म्हणाली, आणि खरंच त्यांना शेजारी घेऊन नळीपाशी बसली. सडलेल्या ढिगाकडं पाठ करून.