ओहोळातली बाइकामो आणि मित्सुगुची नळी

आमच्या खोऱ्यात रस्त्यावर बर्फ साचत नाही, ते माझ्या धाकट्या भावामुळे, मित्सुगुमुळे. नगरपालिकेचे साहेब काहीही सांगोत. रस्त्याच्या मधोमध जमिनीखालून नळ गेलाय, त्याला बारीक बारीक तोंडं आहेत. बर्फ पडायला लागला की पंप सोडायचा, मग जमिनीतलं पाणी रस्त्यावर उडत राहतं आणि बर्फ वितळतो. ही तोंडं गंजाच्या गाळाने बुजतात. मित्सुगु ती गुडघ्यावर बसून, तार घालून, एकेक करून साफ करतो. त्याने साफ केलेलं तोंड हंगामभर बुजत नाही. मी साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, कारखान्यात केस पांढरे केले. कामाचा माणूस मला हातावरून कळतो, आणि असे हात आमच्या अख्ख्या तालुक्यात नाहीत. शाळा आम्ही दोघांनी अर्धीच केली. त्याने काही अडलं नाही.

लग्न त्याने केलं नाही. बोलतोही मोजकं. लहानपणी मी मारामारी करून यायचो आणि हा घरामागच्या ओहोळात पाय सोडून बसलेला असायचा. तो ओहोळ झऱ्याचा, बारा महिने सारखाच गार. त्यात बाइकामो वाढायची. पाण्याच्या ओढीला लांब केसांसारखी पसरणारी वनस्पती, उन्हाळ्यात पाण्यावर बारकी पांढरी फुलं येतात. आई तिथे मुळे धुवायची, आणि पितरांच्या दिवसांत त्यातलीच एक डहाळी वाडग्यात घालून बाबांच्या नावाच्या पाटीपुढे ठेवायची.

आता पंप सुरू झाले की झरा आटतो. जमिनीतलं पाणी एकच, ते रस्त्यावर उडालं तर ओहोळात येणार कुठून. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी काही बोलत नाही, कारण रस्ता बंद झाला तर दवाखान्याची गाडी येत नाही. मागच्या हिवाळ्यात ओहोळ तळापर्यंत कोरडा पडला. बर्फ वितळून पाणी आलं तेव्हा बाइकामोचा एकच झुबका उरला होता, मोठ्या दगडाच्या आडोशाला. आणखी एक कोरडा हिवाळा त्याला झेपला नसता.

म्हणून पहिल्या बर्फाआधी मित्सुगुने तो उचलला आणि आपल्या पडवीत काचेची टाकी मांडली. विहिरीचं पाणी एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, सतत वाहतं. वर दिवा लावला.

आई माझ्या घरून बघायला आली. म्हणाली, "मुळे धुवायची जागा काचेत घालून ठेवलीस. आता मुळे काय तुझ्या अंथरुणात धुऊ?"

"बर्फ वितळेपर्यंतच, आई. पाणी आलं की परत लावणार."

"लावशील तेव्हा मला हाक मार. डोळे आहेत तोवर मार."

पण झुबका काही धरेना. पानं पिवळी पडायला लागली. मित्सुगु नागाओकाला, शोभेचे मासे विकणाऱ्या इगाराशीकडे जाऊन आला. इगाराशीने सांगितलं, झऱ्याच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो, तुमच्या विहिरीच्या पाण्यातला नळातून येता येता उडून जातो. झाडाला तो वरून द्यावा लागेल.

मी म्हटलं, "एवढंच ना? अरे, हा गॅस मला विचार. कारखान्यात साके आंबते त्या टाकीत उतरण्याआधी मेणबत्ती खाली सोडतो आम्ही. विझली तर आत गॅस, उतरलास तर मेलास. तुझा भाऊ जन्मभर त्याच्या काठावर उभा आहे."

"इगाराशी म्हणाला, साखर आणि पावाचं यीस्ट बाटलीत घालतात. पण पडवीच्या थंडीत ते झोपतं."

"पावाचं झोपेल. आमचं नाही झोपत. आमचं बर्फातच जागतं."

आणि तसंच झालं. आमच्या कारखान्याचं जुनं यीस्ट मी बाटलीत दिलं, बाटलीपासून टाकीत नळी सोडली. दुसऱ्याच दिवशी बुडबुडे सुरू. पडवीत पाणी गोठत होतं आणि आमचं यीस्ट जत्रा भरवत होतं. मी शेजारच्यांना बोलावून दाखवलं.

मग मित्सुगुच्या घराच्या छपरावरचा बर्फ उतरवायला आम्ही दोघं चढलो, दिवस त्यातच गेला. खाली येऊन बघतो तर टाकी ताकासारखी पांढरी. आमचं यीस्ट फेस चढवणारं आहे. कारखान्यात फेस वर आला की काठीने मोडायला माणूस उभा असतो, त्यामुळे तो आमच्या लेखी धोका नाहीच. बाटलीपाशी माणूस नव्हता. फेस नळीतून चढला आणि सगळा झुबक्यावर जाऊन बसला.

मित्सुगु म्हणाला, "दादा, यीस्ट चांगलंय हां."

"चांगलंच आहे. फेस चढला नसता तर मला लाज वाटली असती."

तो हसला. अर्धा झुबका सडून गेला होता. उरलेला त्याने वाहत्या पाण्यात एकेक डहाळी धरून धुतला.

आता त्याने त्याच गॅसचा सिलिंडर आणला. गॅस पाण्यात मिसळायचे दोन मार्ग इगाराशीने समोर ठेवले. एक काचेची चकती, तिच्यातून धुक्यासारखे बुडबुडे निघतात. दिसायला सुंदर, पण अर्धा गॅस वर जाऊन फुकट जातो, आणि चकतीची भोकं शेवाळाने बुजतात. दुसरी बंद नळी, तिच्यात पाणी आणि गॅस एकत्र घुसळतात आणि एक बुडबुडाही बाहेर येत नाही. सगळा गॅस पाण्यात.

मी म्हटलं, "चकती घे. बघायला बरी. लोकांना दाखवता येईल."

"तोंडं साफ करण्यात माझा जन्म चाललाय, दादा. घरी पण तेच करू? आणि फुकट कशाला घालवायचा?"

नळी त्याने स्वतः बनवली, नगरपालिकेच्या टाकून दिलेल्या नळाच्या तुकड्यातून. तिला तोड नव्हती. इगाराशीला ती बघायला मी मुद्दाम घेऊन आलो. तो वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "वाहतं पाणी आहे तोवर उत्तम." मी मान डोलावली. आमच्याकडे पाणी वाहतंच, असं मी त्याला म्हटलंसुद्धा.

झुबक्याने धरलं. पांढरी मुळं फुटली, टोकं हिरवीगार झाली. आई रोज यायची, स्टूल घेऊन बसायची.

हिवाळा सरत आला असं वाटत असताना बर्फ आला. असा की पहाटे दार बाहेरून दाबलं गेलं. मित्सुगु पंपघराकडे निघाला तेव्हा मी अंगणात फावडं घेऊन होतो. विहिरीचं पाणी आधीच खाली गेलेलं, दोघांनाही माहीत होतं.

मी म्हटलं, "आमच्या वरच्या भागाचा पंप थोडा उशिरा सोड. विहीर टिकेल."

"वरच्या होशिना आजींना मूत्रपिंडाच्या उपचाराला न्यायला दवाखान्याची गाडी येणारे सकाळी."

"मग तिचा रस्ता आपण फावड्याने काढू."

त्याने वर बर्फाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दादा, किती काढशील?"

मी पुन्हा फावडं चालवायला लागलो. त्याने जाऊन पंप सोडला. होशिना आजींची गाडी आली आणि गेली. तो दिवसभर पंपापाशी राहिला, दुसऱ्या दिवशीही. मी कारखान्यात अडकलो होतो, शेवटच्या टाकीतला आंबलेला तांदूळ दाबून दारू काढायची होती. आईला पडवीपर्यंत बर्फातून येता आलं नाही.

विहीर आटली आणि टाकीत येणारं पाणी थांबलं. गॅस थांबला नाही. नळी चोख होती, एकही बुडबुडा वर सोडत नव्हती, सगळा गॅस त्याच साठलेल्या पाण्यात घालत राहिली. चकती असती तर अर्धा उडून गेला असता. आम्ही पोचलो तेव्हा पाणी स्वच्छ दिसत होतं. मी सवयीने बोट बुडवून चाखलं. आंबट, जिभेला टोचणारं. पानं काचेसारखी आरपार झाली होती, हात लावला की विरघळायची.

मित्सुगुने गॅस बंद केला. मी बादल्या भरभरून बर्फ आणला, चुलीवर वितळवून, गार करून ओतला. अख्खा दिवस ओतत राहिलो. तो म्हणाला नाही की थांब. तोही ओतत होता. संध्याकाळी बुंध्याचा मऊ दोरा उरला, तो हातात धरून मित्सुगु पडवीच्या पायरीवर बसला. मी शेजारी बसलो.  

"पंप मीच सोडला," तो म्हणाला.

"सोडायचाच होता."

"हो. सोडायचाच होता."

वसंतात ओहोळाला पाणी आलं, पूर्वीसारखं, काठोकाठ, तळाचा खडा न् खडा दिसेल असं. आई काठीवर टेकत काठापर्यंत गेली. बराच वेळ वाकून बघत होती. मित्सुगु तिच्या मागे उभा होता, तिला धरून, आणि तिने विचारलं, "माझेच डोळे गेलेत का रे? मला काही दिसत नाहीये."

तो म्हणाला, "नाही आई. डोळे ठीक आहेत तुझे."