तिचा आवडता दुसरा भाग

तेरवीपर्यंत पोरानं टीव्हीवर चादर टाकून ठेवली होती. तेरवी आटोपल्याबरोबर मी ती ओढून फेकली आन् डिस्को जमान्यातला तो उघडानागडा पिक्चर लावला, भाग दुसरा.

पोरगा धावत आला. "बाबा, आईच्या फोटोसमोर हे? लाज नाही वाटत?"

माझं डोकंच सणकलं. अरे, हा पिक्चर तिलेच आवडे! हिरोचा चमकीचा पॅन्ट दिसला का ती तोंडावर पदर घे आन् पदराआडून पाहे. "काहून हसून राहिली वं?" विचारलं तर म्हणे, "पहिल्या भागात थोडी तरी गोष्ट होती!"

धंतोलीच्या दवाखान्यात शेवटी तिनं हाच मागितला होता. नर्स काय म्हणतील म्हणून ह्या पोरानंच माझ्या हातातला मोबाईल हिसकून घेतला.

मी तिच्या फोटोचं तोंड टीव्हीकडे फिरवलं. "तू बाहेर जाय," पोराले म्हटलं, "तिले पाहू दे."