आधी चुना, मग विटा

टिपणीस गेल्याचा फोन आला तेव्हा मी कलकत्त्यात एस्प्लनेडला झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. संमतिपत्राच्या बावीस प्रती काढून घेत होतो, घरटी एक. आमच्या वसाहतीत दुसरी इमारत बांधायला हरकत नाही, असं प्रत्येक घराने लिहून द्यायचं होतं आणि सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून ते गोळा करणं माझ्या गळ्यात होतं. शेजारच्या देशमुखबाई सांगत होत्या, सकाळी अंघोळ केली, देवाला फूल वाहिलं आणि तिथेच बसले ते बसलेच... मी म्हणालो, "बरं." तीस वर्षांपासूनचा शेजारी जातो आणि माणूस 'बरं' म्हणतो! आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मनात पहिला विचार आला तो असा, की चला, आता टिपणीसांची सही मागायला नको. हे लिहिताना आज दोन महिन्यांनीही माझी मलाच किळस येते.

टिपणीसांचं निम्मं आयुष्य खिदिरपूरला बंदरातल्या नोकरदारांच्या घरांचे नकाशे काढण्यात गेलं. मी बँकेच्या बदलीवर तीन वर्षांसाठी आलो आणि इथलाच झालो. परत जायचं नाही असं ठरवलेल्या आम्हा बावीस मराठी कुटुंबांनी सॉल्ट लेकच्या पलीकडे जमीन घेतली, तेव्हा नकाशा काढायला टिपणीसांशिवाय होतं कोण? आम्हाला वाटलं, रेघा मारून प्लॉट पाडतील, कडेला एक देऊळ, एक हॉल, झालं. त्यांनी दोन्ही बाजूंना घरं दाखवली आणि मधला मोठा तुकडा कोरा ठेवला. मी विचारलं, इथे काय? म्हणाले, "ते अजून ठरायचंय." कधी ठरणार, म्हटलं. तर म्हणाले, "आपण कसे म्हातारे होतो ते बघून."

सगळे हसले, पण गृहस्थ गंभीर होते. आज पोरांना खेळायला जागा लागेल, उद्या पोरं बंगलोरला, अमेरिकेला जातील, मग जिने न चढणाऱ्यांसाठी तळमजल्यावर छोटी घरं लागतील, एखादा दवाखाना, एखादं दुकान. आजच सगळं ठरवून टाकलं तर पुढच्यांचे हात बांधले जातात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी नियमात घातलं की मधल्या जागेचा वापर रहिवाशांना बदलता येईल, बहुतेकांची संमती असली की पुरे. एक गोष्ट मात्र नियमात नव्हती, नुसता त्यांचा शिरस्ता होता. जे काही बांधायचं असेल त्याची हद्द जमिनीवर चुन्याने आखायची आणि महिनाभर तशीच ठेवायची. विस्कटली की पुन्हा आखायची. लोकांनी रोज त्या रेघांना वळसा घालून भाजीला जायचं, मग हात वर करायचा. "आधी चुना, मग विटा," हे त्यांचं पालुपद. आम्ही त्यांची पुष्कळ थट्टा केली. पण वाचनालयाची खोली अशीच आखली आणि आठवडाभरात लक्षात आलं की लिमये आजोबांची काठी टेकत फिरायची वाट त्यातूनच जातेय. रेघ पुसली, खोली पलीकडे सरकवली. कागदावर ते कुणाच्या बापाला दिसलं नसतं.

तीनेक वर्षांपूर्वी एक बिल्डर आला. मधल्या जागेत चार मजले, तळमजला आमच्या म्हाताऱ्यांना, वरचे फ्लॅट तो विकणार. कुणालाही आवडावं असंच होतं. टिपणीस तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला मुलीकडे गेले होते, अंथरुणाला खिळलेल्या बायकोला, आमच्या सुधावहिनींना, इथे आयाच्या भरवशावर ठेवून. बिल्डरला घाई, त्याच्याहून मला. चुन्यापायी महिना कोण घालवणार? मी फोनच्या ग्रुपवर प्रस्ताव टाकला. ज्या आईबापांना ग्रुप उघडता येत नव्हता, त्यांच्या वतीने अमेरिकेतल्या मुलांनी बसल्या जागी अंगठे टेकवले. उरलेले भिडेखातर गप्प बसले, आणि आमच्यात गप्प बसला तो 'हो' म्हणाला असंच धरतात. टिपणीसांना फोनवर मी जेमतेम कानावर घातलं. त्यांनी एवढंच विचारलं, चुना टाकला का? मी म्हणालो, हो. इतकं सहज म्हणालो की पुढे कितीतरी दिवस मला ते आठवलंसुद्धा नाही.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होऊन चार-पाच महिन्यांनी ते परतले तेव्हा दुसऱ्या मजल्याचे खांब उभे होते, बरोबर त्यांच्या घराच्या दक्षिणेला. कलकत्त्यात घर घेताना माणूस आधी विचारतो, दक्षिण मोकळी आहे ना? वारा तिकडून येतो. सुधावहिनींना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची कॉट त्या दक्षिणेच्या खिडकीशीच होती. बोलणं थोडं, उठणं नाही. दिवसभर मधल्या मैदानावर कोण आलं, कोण गेलं ते बघायच्या. त्याच संध्याकाळी टिपणीस माझ्याकडे आले. माझं उत्तर तयार होतं. म्हटलं, नियम तुमचाच आहे, बदलता येतो असं तुम्हीच लिहून ठेवलंय.

"बदलायला माझी कधीच ना नव्हती, आगाशे," ते म्हणाले. "पण मी विचारलं तेव्हा तुम्ही हो का म्हणालात?"

त्यांनी पुढ्यातला चहा संपवला, कपबशी आत नेऊन ठेवली आणि गेले. भांडले असते तर बरं झालं असतं. पुढे इमारत पुरी झाली, तळमजल्यावर जोशीबाई राहायला आल्या, तेव्हा संदेशाची मिठाई घेऊन पहिले गेले ते टिपणीसच. इमारत वाईट नाही हो, जोशीबाई सुखात आहेत. रस्त्यात भेटलो की आम्ही 'काय, कसं काय' करायचो. पण त्यांच्या घराची पायरी दोन वर्षं मी चढलो नाही. ते गेले तेव्हासुद्धा मी फाटकापाशीच उभा होतो, गर्दीत.

चौदाव्या दिवशी गेलो, आणि तेही कामासाठी. नियमाला बहुतेकांची संमती पुरे असली तरी दुसऱ्या इमारतीसाठी बिल्डरला प्रत्येक घराची सही हवी होती, आणि घर आता वहिनींचं, म्हणजे संमतिपत्रावर सही त्यांची. आयाने दार उघडलं. मी कॉटच्या पायथ्याशी स्टूल ओढायला लागलो तर तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं. खिडकीसमोर वेताची एक खुर्ची होती, तिच्याकडे बोट दाखवून हिंदीत म्हणाली, बाबू सांगून गेलेत, आगाशेबाबू आले की इथेच बसवायचं. मी बसलो. समोर भिंत. हात लांब केला तर लागेल असं वाटावं इतकी जवळ. सांडपाण्याचा पाइप, आणि कुणाच्या तरी एसीचं मशीन गरम हवा सोडत घरघरत होतं. वाऱ्याचा पत्ता नाही. आकाश बघायला मला मान पार मागे टाकावी लागली, आणि वहिनींना ती टाकता येत नाही.

"रोज पाच वाजता... पुसायचे खुर्ची," वहिनी म्हणाल्या. एकेक शब्द ओढून आणत होत्या. "म्हणायचे... आगाशे येतील."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तो 'हो'सुद्धा. रडलो, लाज कशाला वाटून घेऊ? खिशातला कागदही काढून दाखवला. दुसरी इमारत कुणाच्या खिडकीसमोर येणार, ते आता तरी आखून बघूया, असं काहीबाही बोलत सुटलो. त्या ऐकत होत्या, भिंतीकडे बघत. मग चालता हात उचलून त्यांनी कागद बाजूला सारला.

"सगळे इथे... बसून जाऊ देत. मग सही."

मी घरोघर सांगून आलो. आजवर नऊ जण येऊन बसून गेले. काही पाच मिनिटांत उठले, एक जण उठताना वहिनींच्या पाया पडला. आमचे खजिनदार म्हणतात, हा काय पोरखेळ, एक बाई सगळ्यांना वेठीला धरतेय. बिल्डरचे फोन चालूच आहेत. कागद माझ्याकडे आहे, आणि उरलेले लोक येतीलच असं मी छातीठोक सांगू शकत नाही. काल कुणीच आलं नाही. पाच वाजता आयाने खुर्ची पुसून ठेवली, वहिनी दाराकडे बघत राहिल्या. शेवटी मीच जाऊन बसलो.